स्वयंपाकघरातली खुर्ची

कारागिराला सगळे कारागीरच म्हणत. गावाकडच्या सलूनमध्ये तीन खुर्च्या होत्या, त्यातली मधली याची. मालक गिऱ्हाइकाला सांगायचा, "बसा, कारागीर येतोय," आणि तेच नाव त्याला चिकटलं. विमानात बसून परदेशातही आलं. बायको चारचौघांत "आमचे कारागीर" म्हणायची. चिडली की नुसतं "अहो".

तो इथे आला बायकोच्या मागोमाग. ती परिचारिका. एका वृद्धाश्रमात तिला नोकरी लागली, नोकरीवर तिचा परवाना झाला आणि तिचा नवरा म्हणून यालाही राहण्याची परवानगी मिळाली. नुसती राहण्याची. कार्डावर त्याच्या फोटोखाली एक ओळ छापलेली होती. ती बायकोने वाचून दाखवली: काम करण्यास मनाई.

"म्हणजे मी काय करायचं?"

"काही नाही करायचं."

"दिवसभर?"

"दिवसभर."

मिसरूड फुटायच्या आधीपासून जो माणूस उभं राहून पोट भरत आला, त्याला बसा म्हणून सांगितलं तर तो बसतो कसा, हे बघण्यासारखं होतं. पहिल्यांदा तो खिडकीत बसला. मग पलंगाच्या कडेला बसला. मग उठून भांडी घासू लागला, कपडे धुऊ लागला, बायको येईपर्यंत कणीक मळून ठेवू लागला. घर आरशासारखं झालं, पण हात शिवशिवायचे ते शिवशिवायचेच. बसमध्ये पुढच्या सीटवरच्या माणसाची मान दिसली की हा मनातल्या मनात ती दुरुस्त करत बसायचा. डावी कड वर गेलीय. कल्ले कानाशी जुळत नाहीत. कापणाऱ्याने मशीन फिरवलं आणि हात झटकले. उतरायचा थांबा निघून जायचा आणि हा आपला त्या मानेतच.

खालच्या मजल्यावर एक काका राहायचे, मुलीकडे. आपल्या भाषेची जी काही माणसं त्या इमारतीत होती, त्यांचे सरकारी फॉर्म काका भरून द्यायचे. कुणी काही विचारलं की "कागद आणा आधी" असं म्हणायचे, मग तो विषय ताप आल्याचा का असेना. एके सकाळी ते वर आले, चहा प्यायले आणि मानेवरून हात फिरवत म्हणाले, "कारागीर, जरा मागून साफ करता का? कॉलरखाली टोचतंय हो. इथल्या दुकानात गेलो तर केसांपेक्षा माझीच हजामत जास्त होते."

कारागिराने जेवणाच्या टेबलाची एक खुर्ची ओढून खिडकीपाशी उजेडात ठेवली. जुनी चादर काकांच्या गळ्याभोवती गुंडाळली, मागे कपड्याचा चिमटा लावला. गावाहून आणलेली कात्री मोज्यात गुंडाळून कपाटात ठेवली होती, ती काढली. तेव्हापासून स्वयंपाकघरातली ती खुर्ची टेबलाकडे फारशी परत गेली नाही.

काकांचं डोकं बघून टॅक्सीवाला आला. तो समोरच्या दारात राहायचा. बोलण्यात नंबर एक, पायजमा घातला असला तरी अंगात कोट असल्यासारखा चालायचा. मग बेकरीत काम करणारा पाववाला आला, त्याच्या केसांत कायम पिठाची पांढरी धूळ. मग यांच्या ओळखीने आणखी दोघे-तिघे. पण रोजचे मानकरी हे तीन.

पैशाचं म्हणाल तर त्याची एक पद्धत पडून गेली होती. केस कापून झाले, चादर झटकली, की गिऱ्हाईक उठायचं, आरशात बघायचं, "वा" म्हणायचं आणि हात खिशात घालायचं. हात आत गेला की कारागीर म्हणायचा, "राहू द्या हो." "अहो पण..." "राहू द्या. शेजारी ना आपण." मग हात रिकामा बाहेर यायचा. टॅक्सीवाल्याचा हात तर खिशात असा सावकाश उतरायचा की कारागिराला 'राहू द्या' म्हणायला भरपूर वेळ मिळावा. एकदा कारागिराला नेमकी शिंक आली, तर टॅक्सीवाला खिशात हात घालून शिंक संपेपर्यंत तसाच उभा राहिला होता. बायको ते बघून हसू दाबत पातेल्यावर झाकण ठेवायला वळली.

ती रात्री म्हणाली, "एकदा तरी तोंड मिटून गप्प राहा. बघू तरी काय निघतं खिशातून."

"असू दे गं. हात तरी चालतोय माझा."

असं चाललं असतानाच पाववाल्याच्या डोक्यामुळे गोष्ट पुढे सरकली. त्याच्या बेकरीला लागून एक सलून होतं. सलूनची मालकीण रोज सकाळी पाव घ्यायला यायची. एकदा तिने पाव घेता घेता पाववाल्याला मागे वळायला लावलं, मानेवर बोट ठेवलं आणि विचारलं, हे कुणी कापलं? दुसऱ्या दिवशी कारागीर तिच्यासमोर उभा, बोलणं पाववाल्याच्या तोंडून. तिने एक रबरी डोकं पुढे केलं, त्यावर खोटे केस. कारागिराने आयुष्यात पहिल्यांदाच न बोलणारं गिऱ्हाईक बघितलं. त्याने सवयीने त्या डोक्याला "जरा खाली बघा" म्हटलं आणि स्वतःच ओशाळला. मालकिणीने काम बघितलं, डोकं फिरवून फिरवून बघितलं आणि सांगितलं, मी तुला ठेवते. कागद तू बघ.

कागद म्हणजे राहण्याचा आणि कामाचा, दोन्हींचा मिळून स्वतःचा परवाना. बायकोच्या कार्डाला शेपटासारखा जोडलेला नव्हे. काकांनी चष्मा पुसला आणि टेबलावर फॉर्म पसरला. बाकी रकाने भरभर गेले. एका प्रश्नावर मात्र कारागीर थबकला: या देशात याआधी परवानगीशिवाय काम केले आहे काय?

"काका, हे..."

"पैसे घेतलेत कुणाकडून?"

"छे."

"मग ते काम कसलं? तो शेजारधर्म." आणि काकांनी 'नाही'च्या चौकोनात फुली मारली, अगदी निर्मळ मनाने.

पुढे कचेरीतून बोलावणं आलं. मुलाखतीला या, येताना आपल्या व्यवसायातल्या अनुभवाचा पुरावा आणा. आता पुरावा कुठला आणायचा? गावाकडच्या मालकाने कधीच शटर ओढलं होतं, तिथे आता मोबाइलचं दुकान. त्याने दाखला द्यायचा म्हटलं तरी कुठल्या दुकानाच्या नावाचा देणार? कारागिराच्या तोंडचं पाणी पळालं. काका मात्र शांत होते.

"पुरावा काय, चालता-बोलता आहे. आम्ही येतो."

"कोण आम्ही?"

"मी, टॅक्सीवाला, पाववाला. साक्षीदार. कचेरीत एकट्याने जायचं असतं का कुठे? चार माणसं मागे उभी राहिली की समोरचाही जरा सावरून बसतो."

"वरात घेऊन जाऊ नका," बायको म्हणाली. "इथे एकाला बोलावलं की एकच जातो."

पण तिची त्या दिवशी ड्यूटी होती आणि काकांचा शब्द मोडायचा कसा हा प्रश्न कारागिराला परवान्याहून मोठा वाटला. आदल्या दिवशी तिघेही ओळीने त्या खुर्चीवर बसले. कारागिराने जीव ओतून तीन डोकी केली. पाववाल्याला तर आधी पीठ धुऊन यायला लावलं.

कचेरी म्हणजे एक लांब खोली. दाराशी यंत्रातून नंबराची चिठ्ठी निघायची, भिंतीवर नंबर उमटायचे, प्लास्टिकच्या खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या, कुणी उचलून नेईल म्हणून असेल. यांचा नंबर लागला तेव्हा चौघेही एकदम उठले. काचेच्या केबिनमध्ये एक अधिकारी बाई आणि तिच्या शेजारी दुभाषी बाई. अधिकारी बाईने चौघांकडे बघून काही विचारलं.

"त्या विचारतायत, हे कोण?" दुभाषी म्हणाली. तिची भाषा आपलीच, फक्त जरा इस्त्री केलेली.

"साक्षीदार," काका पुढे होऊन म्हणाले.

अधिकारी बाईने खांदे उडवले. बसायला खुर्ची एकच होती. कारागीर बसला आणि बाकीचे तिघे त्याच्या मागे भिंतीला टेकून उभे राहिले, लग्नाच्या फोटोत उभे राहतात तसे. कारागिराने पहिली गोष्ट बघितली ती अधिकारी बाईचे केस. उजवीकडून बोटभर लांब होते. कापणाऱ्याचं लक्ष दुसरीकडे होतं.

सुरुवातीचे प्रश्न सरळ होते. मग पुराव्याची गोष्ट निघाली. काकांनी खाकरून सगळ्यांना इशारा दिला आणि तिघांनी एकाच वेळी वळून अधिकारी बाईकडे पाठ केली. तीन माना काचेसमोर ओळीने.

बाई उठल्या. खरंच उठून, टेबलाला वळसा घालून आल्या. जवळून बघितलं. काहीतरी बोलल्या.

"सुंदर आहे म्हणतात," दुभाषी म्हणाली. काकांची मान आणखी ताठ झाली.

"हे यांनी कापले?"

"यांनीच!" तिघे एका सुरात.

"कुठे?"

"यांच्या स्वयंपाकघरात," पाववाला म्हणाला.

"कधीपासून?"

"हे आले तेव्हापासून. आमच्या डोक्याला दुसऱ्या कुणाचा हात नाही," काका मान वळवून म्हणाले, आणि म्हणता म्हणताच त्यांचा आवाज खाली घसरला. कारण बाई परत जागेवर जाऊन बसल्या होत्या आणि त्यांनी पेन उचललं होतं.

"मोबदला काय देता?"

काका पुरते वळले. पण ते तोंड उघडायच्या आत टॅक्सीवाला पुढे आला. त्याला परवाना दिसत नव्हता, कायदा दिसत नव्हता. त्याला एवढंच ऐकू आलं होतं की दोन परक्या बायांसमोर कुणीतरी त्याला विचारतंय, तू फुकट बसतोस का?

"बाई, आम्ही काय फुकटे वाटलो?" तो म्हणाला. "देतो की. दर वेळी देतो. दुकानापेक्षा काकणभर जास्तच."

काकांनी त्याच्या पायावर पाय दिला. तेवढ्यात पाववाल्याला वाटलं, आपण मागे राहिलो. "मीही देतो," तो म्हणाला. "वर पावही देतो."

दुभाषीने कारागिराकडे बघितलं. मग खाली मान घालून तिने सगळं सांगितलं, कारण तेच तिचं काम होतं.

अधिकारी बाईने कारागिराला विचारलं, "हे खरं आहे?"

एक शब्द पुरला असता. पण तो शब्द उच्चारायचा म्हणजे मागे उभ्या असलेल्या माणसांना, त्यांच्या तोंडावर, सरकारी कचेरीत फुकटे आणि वर खोटारडे ठरवायचं. तो मूग गिळून बसला. बाईने वाट बघितली, मग लिहिलं.

दुभाषीने उलगडून सांगितलं ते असं: पैसे घेतले असतील तर ते बेकायदा काम, आणि फॉर्मवर 'नाही' लिहिलं ते खोटं. मग हा परवाना तर नाहीच, आधीचीही परवानगी तपासायला निघेल, कदाचित परत जावं लागेल. पैसे घेतले नसतील तर तिघांनी तसं लेखी द्यावं, सहीनिशी. मुदत ठरवून दिली. "आणि तोपर्यंत," दुभाषी म्हणाली, "कात्रीला हात लावू नका."

संध्याकाळी बायको ड्यूटीवरून आली तेव्हा चौघेही स्वयंपाकघरात उभे होते. ती खुर्ची रिकामी होती, तिच्यावर बसायला कुणी धजत नव्हतं. काकांनी सगळं सांगितलं. बायकोने पर्स खाली ठेवली.

"वा," ती म्हणाली. "केस यांनी कापले आणि गळा तुम्ही कापलात."

"चुकलं, वहिनी," पाववाला म्हणाला. त्याने काकांनी पुढे केलेल्या कागदावर जागच्या जागी सही केली. काकांनी तर आधीच केली होती. राहिला टॅक्सीवाला.

"मी असं लिहून देऊ?" तो म्हणाला. "सही करून? की इतके दिवस फुकट केस कापून घेतले?"

"घेतलेत ना पण?" बायको म्हणाली.

"घेतले असतील. पण लिहून द्यायचं म्हणजे... उद्या माझ्या मुलीच्या सासरी कळलं तर?"

"त्यांना कोण सांगायला जातंय? का ते या कचेरीचे कागद वाचत बसतात?"

टॅक्सीवाल्याचा चेहरा एकदम उजळला. "असं करू. मी सगळे देऊन टाकतो. एकदम, आत्ता. हिशेब करा तुम्ही. मी खोटं बोललो नाही, फक्त द्यायला उशीर झाला, असं होईल."

"अहो, आत्ता दिलेत तर खरंच बेकायदा होईल ना!" काका ओरडले. "तुम्ही नाही दिलेत, हीच तर त्यांची सुटका आहे!"

"म्हणजे माझा फुकटेपणा हा यांचा पुरावा?"

"हो!"

"कमाल आहे," असं म्हणून टॅक्सीवाला निघून गेला आणि त्याने दार जरा जोरातच लावलं.

कारागीर त्याच्या मागे गेला नाही. बायकोने किती टोचलं. "जा, पाय धरा त्याचे. आपल्याला घरी पाठवतील. मला इथे एकटीला ठेवून तुम्ही गावाला जाऊन मोबाइलच्या दुकानात बसणार का?" त्याने ऐकून घेतलं, भांडी घासली. मागायला जायचं त्याला जमत नव्हतं. जन्मात त्याने गिऱ्हाइकाकडे कधी काही मागितलं नव्हतं, गिऱ्हाईक स्वतः होऊन खुर्चीत येऊन बसायचं.

दिवस जात राहिले तसे इमारतीतले केस वाढत राहिले. काकांच्या मानेवर पुन्हा कॉलर टोचू लागली. पाववाल्याच्या केसांत पीठ जास्त मावू लागलं. दुसऱ्या दुकानात जायला काकांनी साफ नकार दिला. "आमच्यामुळे अडकलाय, तर आम्हालाही जरा टोचू दे." टॅक्सीवाला मात्र जिन्याने जायचा बंद झाला. लिफ्टमध्ये कुणी दिसलं की मोबाइल कानाला लावायचा. पण त्याचेही केस कानावर आले होते. दुकानातही गेला नव्हता, ते खर्चामुळे की आणखी कशामुळे, हे त्याचं त्याला ठाऊक.

मुदत संपत आली तेव्हा एका दुपारी दार वाजलं. टॅक्सीवाला आत आला, कुणाकडे न बघता सरळ स्वयंपाकघरात गेला आणि सवयीने त्या खुर्चीवर बसला. मान पुढे केली.

कारागिराने हात पाठीमागे बांधले. "नाही हो. मनाई आहे."

"कापा म्हणालो का मी? बसलोय नुसता." मान खाली घालूनच तो म्हणाला, "काल गाडीत एक बाई बसली. म्हातारी. मला म्हणते, दादा, घरी कुणी आजारी आहे का? म्हटलं, का? म्हणे, केस बघून वाटलं." तो खुर्चीत सरळ झाला. "बोलवा काकांना. पण मी सांगतो तसंच लिहायचं. मी नुसता फुकटा नाही."

काका चष्मा लावून आले. कागद टेबलावर ठेवला.

"लिहा," टॅक्सीवाला म्हणाला. "मी दर वेळी खिशात हात घालत असे."

काकांनी लिहिलं. "आणि बाहेर काढत असे?"

"ते 'राहू द्या' म्हणत असत."

"मग?"

"मग काय? मग मी राहू देत असे."

काकांनी तेही लिहिलं. टॅक्सीवाल्याने कागद दोनदा वाचला आणि मोठी, लफ्फेदार सही केली. बायकोने त्याच्यापुढे चहा ठेवला. त्या दिवशी पहिल्यांदाच त्याने कप स्वतः विसळून ठेवला.

कचेरीत या वेळी कारागीर एकटाच गेला. दुभाषी बाईने तो कागद मोठ्याने वाचून दाखवला, तिचा आवाज मधेच हसण्याने हलला, पण तिने तो सावरला. अधिकारी बाईने कारागिराला एकच गोष्ट विचारली. "त्याच्या खिशात पैसे होते का?"

"माहीत नाही," कारागीर म्हणाला. "मी कधी बघितलं नाही."

बाईने शिक्का ओढून घेतला.

परवाना आला तो ताकीद घेऊनच आला. याच सलूनमध्ये, याच मालकिणीकडे, हेच काम. इतरत्र केस कापल्यास परवाना रद्द. घरी कापायचे ते फक्त घरच्यांचे. बायकोने वाचून दाखवलं आणि खुर्ची उचलून टेबलाला लावली. "चला, आता यावर कुणीतरी जेवायला बसेल." काका कार्ड हातात घेऊन उलटं-पालटं करत राहिले. "मिळालं ते बरंच झालं," ते म्हणाले. "पण मग आमचं काय?" सलूनच्या दाराशी दर लिहिलेली पाटी होती आणि ती सगळ्यांनी वाचली होती.

कामाच्या पहिल्या आठवड्यात कारागिराच्या खुर्चीत परकीच डोकी आली. बोलणं कळत नव्हतं, पण माना सगळीकडच्या सारख्याच. मालकीण गल्ल्यामागून बघायची आणि काही बोलायची नाही, म्हणजे ठीक चाललं होतं.

मग एका सकाळी दार ढकलून टॅक्सीवाला आला. अंगात कोट, केस कॉलरवर लोळत होते. त्याने पाटीकडे बघितलं नाही. खुर्चीत बसला, ती गोल फिरली तेव्हा जरा दचकला.

"कापू नेहमीसारखे?" कारागीर म्हणाला.

"कापा."

कारागिराने ते डोकं सावकाश केलं. कानामागची कड दोनदा सारखी केली. मानेवरची लव वस्तऱ्याने उतरवली. अंगावरचं कापड सोडवलं, झटकलं. टॅक्सीवाला उठला, आरशात बघून म्हणाला, "वा." आणि त्याचा हात खिशाकडे गेला. आत उतरला. तसाच, सावकाश.

कारागिराचं तोंड उघडलं. शब्द ओठांवर आला होता. गल्ल्यामागे मालकीण मान वर करून बघत होती. कारागिराने ओठ मिटले आणि कंगव्यातले केस काढायला घेतले.

हात थोडा वेळ खिशातच राहिला. टॅक्सीवाल्याने त्याच्याकडे बघितलं, कारागिराने कंगव्याकडे. मग हात बाहेर आला. त्यात नोटा होत्या, चौपदरी घडीच्या, घडीवर झिजून मऊ झालेल्या, फार दिवस एकाच खिशात राहिल्यासारख्या.

"तिकडे," कारागीर म्हणाला. "बाईंकडे द्या."

आणि खाली पडलेले केस गोळा करायला त्याने झाडू घेतला.